साडेचारशे रुपयांचा डबा : कोल्हापुरातल्या एका घराची सुट्टी

महिला बचत गटांसोबत बसून घरखर्चाची वही लिहायला लावणं हे माझं काम. हे प्रकरण त्याच कामातलं. कुटुंबाला विचारून, त्यांना वाचून दाखवून लिहिलं आहे. नावं, वस्ती, कारखाना, पतसंस्था गाळली आहे आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. रुपयांचे आकडे त्यांच्या वहीतले आहेत.

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या एका उपनगरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात पाच माणसं राहतात. वडील एक्केचाळीस वर्षांचे, एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाला. आई छत्तीस वर्षांची, घरीच शिलाई मशीनवर पिको-फॉल आणि ब्लाउज शिवते. मुलगी नववीत, मुलगा दहा वर्षांचा. आजी म्हणजे वडिलांची आई, वय अडुसष्ट, गुडघे दुखतात पण कान आणि डोळे ठणठणीत.

घरात महिन्याला सरासरी २०,५०० रुपये येत. त्यातले भाडं ४,५००, किराणा-दूध-भाजी ७,२००, लाईट आणि गॅस १,५००, शाळा आणि ट्यूशन २,०००, आजींची औषधं ९००, पेट्रोल आणि वडिलांचा हातखर्च १,३००, मोबाईल रिचार्ज आणि केबल ७००, पतसंस्थेचा हप्ता २,१००. बेरीज २०,२००. महिनाअखेरीला हातात तीनशे रुपये, तेही कुणी आजारी पडलं नाही तर.

जून २०२४ मध्ये गटाच्या बैठकीनंतर आई माझ्याजवळ थांबल्या. मे महिन्याचा हप्ता चुकला होता, वर दंड लागला होता. "ताई, पैसे कुठं जातात तेच कळंना झालंय," म्हणाल्या. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका असंच म्हणतात. इथं मात्र पैसे कुठे गेले ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. सांगायचा संकोच वाटत होता, इतकंच.

अडचण

आदल्या डिसेंबरमध्ये मुलीच्या शाळेची सहल होती, माणशी १,३०० रुपये. घरातून नाही सांगितलं गेलं. मुलीने आदळआपट केली नाही. वर्गातल्या मैत्रिणी सहलीचे फोटो बघत बसायच्या तेव्हा ती पाणी प्यायला जायची, हे आईंना नंतर दुसऱ्या एका आईकडून कळलं. ते त्यांच्या मनात राहिलं. मे महिन्यात वडिलांना ओव्हरटाइमचे पैसे मिळाले आणि पोरांना एकदा तरी नेऊ म्हणून चौघं मल्टिप्लेक्सला गेले. आजी घरी थांबल्या.

त्या संध्याकाळचा हिशेब आम्ही मागाहून मांडला. चार तिकिटं ७६०, पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंक ६२०, बाहेरचं जेवण ७८०, पेट्रोल आणि पार्किंग ९०. एकूण २,२५०. हप्ता २,१०० चा. एका संध्याकाळने पूर्ण हप्ता गिळला आणि पुढचे पंधरा दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. वडील म्हणत, तुमच्यासाठीच केलं. आई म्हणत, मी मागितलं होतं का. मुलगी म्हणाली, यापेक्षा सहलीला पाठवलं असतं तर.

मी आधी वायफळ खर्चाचं प्रकरण म्हणून वही उघडली होती. महिनाभर लिहून घेतल्यावर दिसलं की हे घर काटकसरीचंच आहे. महिनोन्‌महिने दाबून ठेवायचं आणि मग एका दिवशी सगळं एकदम करायचं, अशी त्यांची पद्धत पडली होती. करमणुकीला वहीत रकाना नव्हता. त्यामुळे ती जेव्हा व्हायची तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी रकान्यातून चोरून व्हायची, आणि झाल्यावर अपराधी वाटायचं.

दुसरी अडचण वेळेची. वडिलांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी, मुलांची रविवारी. पाचही जण एकत्र मोकळे असे दिवस वर्षात बोटांवर मोजण्याइतके. बाकीचा रिकामा वेळ ज्याच्या त्याच्या मोबाईलवर जायचा. आजींकडे मोबाईल नाही, त्यांचा टीव्ही.

तिसरी अडचण मला फार उशिरा दिसली. ती पुढे येईल.

समोरचे पर्याय

जूनच्या शेवटच्या सोमवारी त्यांच्या घरी बसून चार पर्याय बोललो. आजी पलंगावर, मुलं दाराच्या उंबऱ्यावर.

वडिलांचं म्हणणं सरळ होतं. "हप्ता फिटंस्तोवर काय पण नको. घरात बसलं की खर्च न्हाई." हप्ते अकरा महिने राहिले होते. कागदावर हा सगळ्यात सोपा पर्याय. पण मे महिन्यात जे झालं ते याच पर्यायाचं फळ होतं. मागचं वर्ष त्यांनी असंच तर काढलं होतं. मी ते बोलून दाखवलं तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग दुसरं सांगा."

दुसरा पर्याय मुलाचा: मोठा डेटा पॅक आणि ओटीटी. माणशी हिशेब लावला तर याहून स्वस्त करमणूक नाही, हे मला मान्यच करावं लागलं. आईंनी नको म्हटलं. घरात एक स्मार्टफोन चांगला, तो वडिलांकडे. म्हणजे बघणार कोण, हा प्रश्न होताच.

तिसरा, भिशी लावून दिवाळीत कोकणात एक मोठी सहल. मुलीचे डोळे चमकले. पाच माणसांचं जाणं-येणं आणि एक मुक्काम धरला तर त्यांच्या बजेटमध्ये वर्षभर दुसरं काहीच होणार नव्हतं, आणि एखादा दवाखाना निघाला तर पहिली तीच भिशी मोडली असती.

चौथा पर्याय दर महिन्याला ठरलेली छोटी रक्कम, वेगळ्या डब्यात, आणि तिच्यात बसेल तेवढंच. यावर एकमत झालं असं म्हणणार नाही. वडील "बघू" म्हणाले.

पहिला निर्णय : पैसे कुठून आणि किती

उरणाऱ्या तीनशेतले दोनशे घ्यायचे, शंभर अडीअडचणीला ठेवायचे, हे पटकन ठरलं. दोनशेत पाच माणसांचं काही होत नाही. वडिलांनी केबल बंद करायची म्हटली, तिचे २५०. झाले साडेचारशे. मीही मान डोलावली.

ही चूक होती आणि त्यात माझा वाटा आहे. केबल बंद झाली तशा आजी दुपारी एकट्या पडल्या. नातवंडं शाळेत, मुलगा कामावर, सून मशीनवर मान खाली घालून. संध्याकाळी सातच्या मालिकेच्या वेळी त्या बंद टीव्हीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसायच्या, असं आईंनी सांगितलं. तक्रार एका शब्दाने केली नाही. घरातल्या चौघांच्या करमणुकीसाठी आम्ही पाचव्या माणसाची एकुलती एक करमणूक काढून घेतली होती, आणि त्या बैठकीत त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

ऑगस्टमध्ये केबल परत सुरू केली. मग ते अडीचशे आले वडिलांच्या पेट्रोलमधून. त्याच पाळीतला एक सहकारी दोन गल्ल्या सोडून राहतो. एक आठवडा याची गाडी, एक आठवडा त्याची. ही वाट सुचायला महिना लागला; कारण वडिलांचा खर्च हा "कामाचा खर्च" म्हणून आम्ही कुणी त्याला हात लावत नव्हतो.

डबा म्हणजे खरोखरचा डबा, बिस्किटांचा जुना पत्र्याचा. किल्ली-कुलूप काही नाही. त्यासोबत मुलाच्या जुन्या वहीची उरलेली पानं. लिहायचं काम मुलाकडे.

दुसरा निर्णय : १५ ऑगस्ट आणि पुऱ्या

२०२४ चा स्वातंत्र्यदिन गुरुवारी आला. कारखाना बंद, झेंडावंदन झाल्यावर शाळा मोकळी. सगळे एकत्र. रंकाळा तलावावर जायचं ठरलं, जेवण घरून न्यायचं. खर्च झाला १८० रुपये, त्यात मुलाचा पाळणा आणि सगळ्यांना आइस्क्रीम. पावसाने उघडीप दिली होती, आजी कठड्याला टेकून पाण्याकडे बघत बसल्या. वडिलांनी पोरांना संध्यामठ दाखवला आणि आपण लहानपणी इथं कसे पोहायला यायचो ते सांगितलं. वहीत मुलाने लिहिलं: "खूप मज्जा".

चार दिवसांनी मी गेले तेव्हा मी खूश होते. आई मशीनवर होत्या. त्यांना विचारलं, कसं वाटलं? मशीन थांबवून त्या म्हणाल्या, "त्यांची सुट्टी झाली ताई, माझी डबल ड्युटी झाली."

मग सगळं सांगितलं. दुपारी दोनपासून कणीक, पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, शिरा. पाच जणांची ताटं-वाट्या, पाण्याच्या बाटल्या, आजींना बसायला सतरंजी. रंकाळ्यावर वाढणं, मुलाने सांडलेलं पुसणं. रात्री साडेनऊला घरी आल्यावर भांडी. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाचे चार ब्लाउज द्यायचे होते, त्यासाठी अकरापर्यंत जागरण. मल्टिप्लेक्समध्ये पैसे गेले, पण तिथं त्या तीन तास नुसत्या बसल्या होत्या. कुणी त्यांना पाणी मागितलं नव्हतं.

तिसरी अडचण ती ही. घरचं खाणं नेलं की पैसे वाचतात, हे आम्ही सगळेच सांगत असतो. मीसुद्धा कितीतरी गटांत सांगितलं आहे. वाचलेल्या त्या पैशांच्या बदल्यात कुणीतरी राबतं, आणि ते कोण हे घराघरात ठरलेलं असतं. त्या दिवशीच्या वहीत १८० रुपये लिहिले होते. आईंचे सहा तास कुठेच लिहिलेले नव्हते. मला हे फार लागलं आणि अजून लागतं.

यावर काय करायचं? मी सुचवलं, एक पदार्थ विकत घ्या. पाच माणसांची भेळ घेतली तरी डब्यातले दोनशे जाणार, म्हणजे महिना जवळजवळ तिथंच संपला. शेवटी मुलीने मार्ग काढला: भडंग. आई सोडून सगळ्यांनी करायचं.

पुढच्या वेळी मी मुद्दाम गेले. मुलगा लसूण सोलत होता, सालं सगळ्या फरशीभर. आजी पलंगावरून सूचना देत होत्या: तेल धूर निघेपर्यंत तापवू नको, शेंगदाणे आधी, कढीपत्ता पुसून घाल नाहीतर उडेल. वडील मोठ्या पातेल्यात चुरमुरे हलवत होते, तिखट, मीठ, पिठीसाखर आणि मेतकूट मुलगी टाकत होती. पहिल्या घाण्याला लसूण करपला. आईंचा हात दोनदा पुढे आला, दोन्ही वेळा आजींनी "तू बस गं" म्हटलं. डबा भरून भडंग झालं, खर्च सत्तर रुपयांच्या आत, दोन वेळा पुरलं. कांदा आणि लिंबू तिथं गेल्यावर. ताट-वाटी नाही, भांडी नाहीत.

तेव्हापासून वहीत दर वेळी खर्चाच्या शेजारी "काम कोणी केलं" असा रकाना आला. तो माझा आग्रह. मुलाने तो इमानेइतबारे भरला.

तिसरा निर्णय : काय बघायचं

सप्टेंबरात गणपती आले. राजारामपुरीतले तांत्रिक देखावे बघायला चालत फिरले, खर्च भाजलेल्या कणसांचा. ऑक्टोबरमध्ये दसरा चौकातला शाही दसरा. हे कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही, ते होतंच. प्रश्न सणांच्या मधल्या महिन्यांचा होता.

दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, वडिलांची सोमवारची सुट्टी आणि मुलांची शाळेची सुट्टी जुळून आली. मी सुचवलं, टाउन हॉलचं संग्रहालय बघा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, त्यात सापडलेल्या वस्तू तिथं आहेत. त्यात समुद्रदेव पोसायडनची एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे. रोमन जगाशी कोल्हापूरचा दोन हजार वर्षांपूर्वी संबंध होता याची ती खूण. नववीच्या मुलीला इतिहासात हे कुणी दाखवत नाही. मी उत्साहाने सांगितलं आणि संग्रहालय सोमवारी बंद असतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. पाच माणसं नटूनथटून बंद दारापर्यंत जाऊन आली. आजींना रिक्षाने नेलं होतं, ते ८० रुपये वाया. बागेत बसून भडंग खाल्लं आणि परत आले.

संग्रहालय नंतर एका रविवारी झालं, वडिलांशिवाय. मुलीला ती मूर्ती एवढीशी निघाल्याचं आश्चर्य वाटलं. मुलगा तोफा आणि जुन्या शस्त्रांपाशी रमला. वडील मात्र राहून गेले, आणि सोमवारी सुट्टी असणाऱ्या माणसासाठी अशा कितीतरी जागा बंदच असतात, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवलं.

थंडीच्या सुरुवातीला राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लागली. हौशी संघांची ही स्पर्धा शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय घेतं आणि तिकीट अगदी नाममात्र असतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभं राहिलेलं ते पॅलेस थिएटर जळताना बघून गावातली मोठी माणसं रडली. त्यामुळे या वेळी प्रयोग दुसऱ्या सभागृहात होते. आजींनी तरुणपणी केशवरावला नाटकं पाहिली होती. आगीची बातमी टीव्हीवर बघायला त्यांना मिळाली नव्हती, केबल तेव्हा बंद होती. शेजारणीने सांगितली. हे त्यांनी मला नाटकाहून आल्यावर सांगितलं.

आजी, आई आणि मुलगी अशा तिघी गेल्या. तिकिटं तिघींची मिळून ४५ रुपये. नाटक सुटलं साडेनऊच्या पुढे. बसची खात्री नाही, आजींना चालवत नाही, रिक्षा १२० रुपये. वहीत हा आकडा ठळक दिसतो: बघायला पंचेचाळीस, घरी यायला एकशे वीस. जवळजवळ फुकटातला कार्यक्रमसुद्धा रात्रीच्या प्रवासामुळे गरिबाच्या हातून निसटतो. विशेषतः बायका आणि म्हाताऱ्या माणसांच्या. आठवड्याने दुसरं नाटक बघायचं होतं तेव्हा शेजारच्या दोघींना बरोबर घेतलं आणि येण्याजाण्याचा खर्च वाटून घेतला. त्यासाठी आईंना दोन घरी जाऊन बोलावं लागलं आणि एका घरी नवऱ्याची परवानगी काढावी लागली, हेही नोंदवते.

फुटबॉलचं वेगळंच. वडील लहानपणापासून पेठेतल्या एका संघाचे. हंगामात पहिली पाळी सुटली की थेट शाहू स्टेडियम. हा त्यांचा एकट्याचा शौक होता आणि तोही हातखर्चात लपलेला. फेब्रुवारीत मुलीने विचारलं, मी येऊ? वडील घुटमळले. गर्दी, आरडाओरडा, शिव्या. आजी म्हणाल्या, "ने की. ती काय काचेची आहे का?" बापलेक गेले. तिकिटं आणि खारे शेंगदाणे मिळून ८० रुपये. परत आली ती घसा बसवून, आणि पुढे दोन दिवस ऑफसाइडचा नियम आईला टिकल्यांची पाकिटं मांडून समजावत होती. वडील मला म्हणाले, "तिला माझ्यापेक्षा जास्त कळतंय." हे सांगताना त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा असा मोकळा पाहिला.

पन्हाळा

२६ जानेवारी २०२५ रविवारी आली. पुन्हा पाचही जण मोकळे. डब्यात तोवर बरे पैसे साठले होते, म्हणून पन्हाळगडावर जायचं ठरलं. मोटरसायकलवर पाच माणसं जात नाहीत, गाडी भाड्याने घेणं शक्य नाही. एसटीचा हिशेब मांडला. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणजे आई आणि मुलगी अर्ध्यात. मुलगा बारा वर्षांच्या आतला, अर्धं. आजी पासष्टच्या वरच्या, अर्धं, आधार कार्ड जवळ असलं की झालं. पूर्ण तिकीट फक्त वडिलांचं. पाच माणसांचा प्रवास तीन तिकिटांत. ही सवलत घरातल्या प्रत्येकाला सुटी सुटी माहीत होती, पण एकत्र बेरीज कुणी केली नव्हती. ती मुलाने केली आणि आरडाओरडा करत सगळ्यांना सांगितली.

नेमके आदल्याच दिवशी, २५ जानेवारीपासून, एसटीचे दर १४.९५ टक्क्यांनी वाढले. मुलाची बेरीज चुकली, पण निघाले.

तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या धान्यकोठारांत शिरल्यावर आजींनी पहिलं विचारलं ते असं, "एवढं धान्य भरायचं तर उंदरांचं काय करायचे?" मला ही आवडलेली गोष्ट आहे म्हणून लिहिते. आजी तीन दरवाजापर्यंत आल्या नाहीत. बसल्या जागी दोन तास काढले आणि शेजारी बसलेल्या कुठल्याशा गावच्या बाईशी ओळख करून घेतली. खायला तिथलीच झुणका-भाकर, कारण आईंनी आधीच जाहीर केलं होतं की आज चूल नाही. सगळा खर्च ५२० रुपये. त्यानंतर काही महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, पन्हाळ्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा मुलीने मला फोन करून सांगितलं, आम्ही आधीच जाऊन आलो.

चौथा निर्णय : बुधवारची दुपार

बाहेर जाणं जमू लागलं तरी आईंच्या स्वतःच्या वेळेचा प्रश्न तसाच होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये गटातल्या एकीने सुचवलं, आठवड्यातून दोन तास मशीन बंद ठेव. बुधवार, दोन ते चार. गिऱ्हाईक आलं तर आजी सांगतील, चारनंतर या.

वडिलांना पटलं नाही. महिन्याला दोनअडीचशेचं काम हातून जाईल, म्हणजे डब्यात टाकतो त्याच्या निम्मं. त्यांचा हिशेब चूक नव्हता. मी बाजू घेतली ती आईंची, आणि ती हिशेबाने घेतली नाही. वडिलांना म्हटलं, तुमची सोमवारची सुट्टी भरपगारी नसली तरी तुम्ही घेताच ना?

नोव्हेंबरपासून बुधवार सुरू झाला. पहिल्या दोन बुधवारी आई झोपल्या. तिसऱ्या बुधवारी वाचनालयात गेल्या. कोल्हापूरला करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, शिवाय वस्त्यावस्त्यांत छोटी वाचनालयं आहेत. त्यांनी जवळचं धरलं. अनामत रक्कम परत मिळते, पण ती एकदम भरावी लागते. ती दोन महिन्यांच्या डब्यातून काढली. पुस्तकं मुलगीही वाचू लागली. मुलाने दोन पुस्तकं आणली, एक अर्धं वाचलं, सोडून दिलं.

लग्नसराईत, फेब्रुवारी-मार्चला, बुधवार बंद पडला. काम इतकं होतं की दुपार सोडणं परवडणारं नव्हतं. सात बुधवार असे गेले.

निष्पत्ती

जुलै २०२४ ते मार्च २०२५, नऊ महिन्यांत डब्यात ४,०५० रुपये पडले. खर्च ३,६१०, शिल्लक ४४०. या काळात पतसंस्थेचा एकही हप्ता चुकला नाही. मे महिन्यासारखा एकदम मोठा खर्च झाला नाही. मल्टिप्लेक्सला जायचं कुणी बोललंच नाही, असं मात्र नाही. मुलगा दर महिन्याला विचारतो. एप्रिलमध्ये शिल्लक पैशांत दोघा मुलांना सकाळच्या स्वस्त खेळाला पाठवायचं ठरलं होतं.

मोबाईल कमी झाला का? मुलीचा थोडा, मुलाचा नाही, वडिलांचा नाही. "काम कोणी केलं" या रकान्यात पहिल्या तीन नोंदी आईच्या, नंतरच्या बहुतेक "सगळ्यांनी", आणि दोन ठिकाणी खाडाखोड करून पुन्हा "आई". खाडाखोड आजींनी करायला लावली असं कळलं.

मुलीची शाळेची सहल या वर्षीही हुकली. रक्कम डब्याच्या आवाक्याबाहेर होती. तिने घरात विचारलं नाही. ते तसंच राहिलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

केबल बंद करण्याआधी आजींना विचारायला हवं होतं. घरात ज्याचा आवाज लहान त्याचा खर्च आधी कापला जातो, हे मला इतक्या वर्षांच्या कामानंतर ठाऊक असायला हवं होतं.

सोमवारची सुट्टी हाताशी धरून आधी यादी करायला हवी होती: सोमवारी काय उघडं, काय बंद. आता मी प्रत्येक घरी पहिल्याच दिवशी साप्ताहिक सुट्टी कुणाची कधी ते लिहून घेते.

शाळेच्या सहलीसाठी डब्यातच दरमहा शंभर बाजूला टाकत गेलो असतो तर डिसेंबरपर्यंत सहाशे झाले असते. उरलेले शाळेशी बोलून दोन हप्त्यांत देता आले असते का, हे विचारायचं राहिलं. पाच जणांचं एकत्र बघण्याच्या नादात एका मुलीची एक गोष्ट मागे पडली. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

बुधवारची दुपार लग्नसराईत पडणार हे आधीच दिसत होतं. त्या दोन महिन्यांसाठी वार बदलून सोमवार संध्याकाळ, वडील घरी असताना, अशी करता आली असती. स्वयंपाक वडील आणि मुलीने करायचा. मी सुचवलं नाही, कारण वडील तयार होणार नाहीत असं मीच धरून चालले. त्यांना विचारलंच नव्हतं.

हे लिहायला बसले तेव्हा पहिल्या भेटीची माझी टिपणं काढली. त्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं होतं, मोकळा वेळ मिळाला तर काय करायला आवडेल? वडील – फुटबॉल. मुलगी – सहल, समुद्र. मुलगा – मोबाईल, पिक्चर. आजींच्या पुढे काही नाही, त्यांना विचारलं नव्हतं. आईंनी सांगितलं होतं, "मला काय नको, जरा निवांत बसायला मिळालं तरी बास." त्यांच्या नावापुढे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: विशेष मागणी नाही.